डोनरवर कोणतं ड्रेसिंग लावायचं? आधी ते निघणार कसं ते बघा

"सिस्टर, कातडी लावली तिथं काही नाही, काढली तिथं नुसती आग होतीय." स्किन ग्राफ्ट म्हणजे एका जागेची कातडी काढून जखमेवर लावणं; जिथून काढली ती जागा म्हणजे डोनर. त्याच्या दुसऱ्या दिवशी राउंडला हे हमखास ऐकू येतं. आणि ते खोटं नसतं. मांडीवरून अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ थर काढलेला असतो, नसांची टोकं उघडी पडलेली असतात. खाली उरलेल्या केसांच्या मुळांतून नवी कातडी धरायला साधारण १० ते १४ दिवस लागतात.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अशा जागेवरचा सुकलेला गॉझ ओढून काढला होता. पापडासारखा कडक झालेला. त्याच्यासोबत नवी कातडीही आली, रक्ताची बारीक टिंबं उमटली आणि पेशंटने कॉटचा दांडा घट्ट धरला. तेव्हापासून कोरडा गॉझ थेट जखमेवर नाही म्हणजे नाही.

पहिले दोन दिवस पाझर जास्त. परवडत असेल तर अल्जिनेट, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेलं ड्रेसिंग, घ्या. पाझर शोषून त्याची जेल होते, रक्त थांबायलाही मदत होते. वर गॉझ, गामजी पॅड (कापसाची जाड घडी), क्रेप बँडेज. वरचं भिजलं तर वरचंच बदला, आतल्या थराला हात लावू नका. चिकटणाऱ्या पातळ पारदर्शक फिल्मखाली दुखणं कमी होतं, जखमही दिसते. पण खाली पाणी साठून कडेने गळतं, म्हणून ती लहान जागेलाच बरी. खर्चाचा प्रश्न असेल तर पॅराफिन गॉझ (व्हॅसलीनसारखं मलम लावलेली जाळी), तोही एकेरी नको. दोन-तीन पदर तरी घाला.

केळीचं पानही हसण्यावारी नेऊ नका. मुंबईच्या डॉक्टरांनी निर्जंतुक केलेलं पान याच जागेवर वापरून पाहिलं आणि २००३ मध्ये त्यावर लिहिलं. व्हॅसलीन गॉझच्या मानाने ते काढताना पेशंटला फारच कमी दुखलं. घरी मात्र परसातलं पान आणून लावू नका.

घाण वास, हिरवट डाग, ताप, भोवती पसरत जाणारी लाली किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांना बोलवा, ड्रेसिंग उघडावंच लागतं.

यातलं काही नसेल तर ड्रेसिंग चिकटलेलंच राहू द्या. कडा सुटतील तेवढ्याच कात्रीने कापायच्या, अडलं तर सलाइनने भिजवून थांबायचं. एका आजींचं ड्रेसिंग तेराव्या दिवशी सकाळी पांघरुणातच सापडलं. खाली गुलाबी कातडी.