‘चालस भाऊ’ म्हणजे संमती नव्हे: गटाच्या कारभारात या चुका टाळा

बैठकीत अध्यक्ष विचारतात, “कुणाची हरकत?” सगळे गप्प. मागून एक आवाज, “चालस भाऊ!” झाला ठराव. अर्ध्या तासात टपरीवरच्या चहासोबत तोच ठराव उसवायला लागतो. रावेरकडच्या आमच्या सामायिक पाइपलाइनच्या गटात हे सारखं व्हायचं. “लोकच असे” म्हणून मी बरेच दिवस सोडून दिलं. खोट विचारण्याच्या रीतीत होती.

संमतीच्या कारभाराला सोशियोक्रसी म्हणतात. नेदरलँड्समध्ये केस बूके यांनी १९२६ साली काढलेल्या शाळेत तो रुजला. पुढे त्यांचेच विद्यार्थी खेरार्ड एंडेनबर्ग यांनी घरच्या विजेच्या कामांच्या कंपनीत त्याची पद्धत बसवली. तिचा गाभा म्हणजे फेरी. आधी एकेकानं फक्त शंका विचारायच्या, मग मत, शेवटी हरकत. आम्ही त्यात एक भर घातली: पुढारी माणूस सगळ्यांत शेवटी बोलेल. तो आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात, आणि बायका तर तोंडच उघडत नाहीत.

दुसरी चूक एकमताच्या हट्टाची. ठराव सगळ्यांना आवडायलाच हवा असं नाही. त्यानं गटाचं काम बिघडणार नाही एवढं पुरे. त्यामुळे “मला पटत नाही” ही हरकत धरायची नाही. आमच्याकडे तासांवर पाणीपाळी ठरत होती. टोकाच्या वावरवाल्या काकू म्हणाल्या, “वर दोन कॉक उघडे असले की माझ्याकडे दाबच येत नाही. तास घेऊन काय करू?” ही खरी हरकत. पण आम्ही तिला आडकाठी समजलो आणि मतदान घेतलं. महिन्याभरात त्यांची केळी पिवळी पडली, भांडण झालं, वर्गणी थांबली. पुन्हा बसलो तेव्हा ठरावात एकच ओळ वाढवली: टोकाची पाळी चालू असताना वरचे कॉक बंद. ही ओळ त्या हरकतीतूनच निघाली होती.

ठराव कोण राबवणार, हे न ठरवणं ही तिसरी. पांझरा नदीकाठच्या जुन्या फड पद्धतीत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेल्या सिंचनात, पाणी द्यायला पाटकरी होता, पिकाच्या राखणीला जागल्या. आमच्या वहीत नुसतं “सर्वांनी लक्ष द्यावे.” माणूस निवडतानाही नावं आधी पुकारू नका, प्रत्येकानं चिठ्ठीवर नाव लिहावं आणि कारण मोठ्यानं सांगावं. नाहीतर ज्याच्याकडे मोटारसायकल, तोच कायमचा सचिव!

ठरावाला मुदत घाला, म्हणजे “कायमचं अडकलो” ही भीती जाते. हरकत दोन फेऱ्यांत सुटली नाही तर तोच ठराव पंधरा दिवस करून बघा. आमचा कॉकचा नियमही आधी पंधरा दिवसांचाच होता. सोळाव्या दिवशी काकूंनीच विचारलं, “आता पुढची तारीख काय लिहायची?”