शाळेत वारली शिकवताय? आधी पोस्टर कलर कपाटात ठेवा

काळा कार्डपेपर, पांढरा पोस्टर कलर आणि फळ्यावर काढून दिलेला तारपा नाच. बहुतेक शाळांत वारलीचा तास एवढ्यावरच आटोपतो. असं शिकवू नका. त्यातून मुलांच्या हाती नुसती नक्षी लागते.

आदल्या दिवशी खाकी कागदाला गेरूचा हात द्या. बांबूच्या काडीचं टोक ठेचलं की कुंचला तयार.

खरी मेख तांदळाच्या पांढऱ्या रंगात आहे. मी सुरुवातीला विकतचं पीठ पाण्यात कालवायचो. चित्र वाळलं की रेषा खपल्या होऊन गळायच्या आणि मुलं हिरमुसायची. तांदूळ रात्रभर भिजवून गंधासारखे मऊ वाटा, सुती कापडातून गाळा आणि थोडं डिंकाचं पाणी घाला. काडी बुडवून उभी धरली की थेंब टोकाशी रेंगाळला पाहिजे. टपकन पडला तर वाटण पातळ आहे. तांदूळ सारखा तळाशी बसतो, म्हणून मधूनमधून ढवळत राहा.

आणि हे मुलांना आधीच सांगा: ओली रेषा जेमतेम दिसते, पांढरी होते ती वाळल्यावर. मी हे एकदा सांगायला विसरलो. सगळा वर्ग तीच रेषा पुन्हा पुन्हा गिरवत बसला आणि काडीसारखे हातपाय मनगटाएवढे जाड झाले. एक रेष, एकदाच, मग हात मागे.

दोन त्रिकोणांचा माणूस मुलांना लगेच जमतो.

लग्नचौक, म्हणजे लग्नासाठी काढायचं चौकोनी चित्र, मात्र सजावट म्हणून गिरवायला देऊ नका. डहाणू-तलासरीकडे तो लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी लिहितात, मधोमध पालघाट देवी असते. हे मुलांना सांगा आणि तो तिथेच राहू द्या. १९७० च्या दशकात वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणली, तेव्हा शेती, मासेमारी असं रोजचं जगणंच रंगवलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांनाही त्यांचंच जगणं काढू द्या: भातलावणी, पाण्याची रांग, एसटीचा थांबा.

वारली चित्रकाराला वर्गावर जरूर बोलवा, पण शाल-नारळावर बोळवण करू नका. मानधन आधी ठरवा, प्रवासखर्च वेगळा द्या आणि सलग तीन-चार तास तरी वर्ग त्यांच्या हाती सोपवा. शिक्षकांनी मुलांच्या रांगेत काडी घेऊन बसावं.