‘गो ऑफ’ म्हणजे बंद पडणे नव्हे

मराठी माध्यमातून शिकून पुण्यातील एका कंपनीच्या ग्राहक-सेवा विभागात मी रुजू झाले, तेव्हा ‘पोस्टपोन’ आणि ‘टॉलरेट’ असे पुस्तकी शब्द मला चांगले येत होते. परंतु ब्रिटनमधील ग्राहक त्याच अर्थांनी ‘पुट ऑफ’ आणि ‘पुट अप विथ’ म्हणत, आणि तेथे माझे घोडे अडत असे. पहिल्याच महिन्यात एका वृद्ध बाईंनी कळवले की त्यांच्या घरातील धुराचा अलार्म रात्री सारखा ‘गोज ऑफ’. मी निःशंकपणे ‘अलार्म वारंवार बंद पडतो, बॅटरी तपासावी’ अशी नोंद केली. तंत्रज्ञ नवी बॅटरी बसवून गेला आणि त्या रात्री अलार्म अधिकच जोमाने ठणाणा करू लागला, कारण तो विनाकारण वाजतो हीच तर बाईंची तक्रार होती.

‘ऑन म्हणजे चालू, ऑफ म्हणजे बंद’ हे शाळेतले समीकरण मला नडले. दिवा ‘गो ऑफ’ झाला तर विझतो, हे खरे. पण अलार्म वाजतो, बॉम्ब फुटतो, बंदूक उडते आणि ब्रिटिशांच्या घरातले दूध नासते. माणूस नुसताच ‘गो ऑफ’ झाला तर तो निघून जातो, आणि कॉफीच्या बाबतीत झाला तर त्याला कॉफी नकोशी होते. क्रियापद तेच, शेपूट तेच. अर्थ ठरतो तो कर्ता कोण आणि पुढे काय येते यावरून. हे आपल्याला परके वाटू नये. ‘फलाटावर बस लागली’ आणि ‘मला बस लागली’ यांतला फरक आपल्याला कोणी शिकवला नाही. भूक, ठेच, आग, निकाल हे सारे ‘लागते’, तरी आपला गोंधळ होत नाही.

म्हणून पाचशे फ्रेझल व्हर्ब्जच्या, म्हणजे ‘ऑफ’, ‘अप’ असे शेपूट लावलेल्या क्रियापदांच्या, याद्या पाठ करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मी एक अख्खी वही भरली होती आणि प्रत्यक्ष फोनवर त्यातले एकही पान आठवले नाही. ज्यांच्या उच्चारांना सगळे हसत, अशा एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी मला जुने रेकॉर्ड केलेले कॉल ऐकायला बसवले आणि सुटे क्रियापद न लिहिता पूर्ण वाक्य उतरवायला लावले. ‘इंग्रजीतच विचार करा’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकांपेक्षा त्यांचा उपयोग कितीतरी अधिक झाला.

शब्दक्रमाची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: ‘टर्न डाउन द ऑफर’ चालते, परंतु सर्वनाम आले की ‘टर्न इट डाउन’ असेच म्हणावे लागते, ‘लुक आफ्टर’ मात्र असे कधीच तुटत नाही.

चुका होतील, आणि त्यांनी नोकरी जात नाही. न समजता ‘येस, येस’ म्हणत राहिलात, तर मात्र पकडले जाल. आजही अलार्मची तक्रार आली की ‘तो वाजतो आहे, की बंद पडला आहे?’ असे मी सरळ विचारते, आणि या प्रश्नाचा राग अद्याप एकाही ग्राहकाने मानलेला नाही.