कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला कर्ज काढून जाताय? निदान या चुका तरी टाळा

कॅप राउंडच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, याद्या लागल्या की माझा फोन वाजायला लागतो. बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं बसल्याचा हा परिणाम. प्रश्न ठरलेला: "10 लाख कर्ज होतंय, पण कॉम्प्युटर आहे ना, दोन वर्षांत फिटेल की!" फिटत नाही. आणि विचारणाऱ्याला हिशोब नको असतो, 'हो' हवं असतं.

पॅकेज आणि कर्ज शेजारी मांडून खूश होणं

सगळ्यात जुनी चूक हीच. 'पॅकेज 4 लाख, कर्ज 10 लाख, म्हणजे अडीच वर्षांचा पगार' असं गणित बाप आणि मुलगा रिक्षात बसल्या बसल्या करतात. जरा कागदावर करू.

दरवर्षी अडीच लाख असे चार वर्षांत 10 लाख उचलले, व्याज 10 टक्के. शिकताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. सरळ व्याजानेच ते साडेतीन लाख होतं, म्हणजे हप्ता बसतो साडेतेरा लाखांवर. मुदत 10 वर्षं धरली तर महिन्याला सुमारे 17,800 रुपये.

आता पगार. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज गेली दहा-बारा वर्षं साडेतीन-चार लाखांभोवतीच घुटमळतंय. 3.6 लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला 30 हजार हातात, असं नसतं. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटी असते, विम्याचा हप्ता असतो, कामगिरी बघून मिळाला तर मिळाला असा व्हेरिएबल असतो. तुमचा पीएफ आणि 200 रुपये व्यवसाय कर कापून हातात 25 हजारांच्या आसपास पडतात. त्यातून हप्ता गेला की उरलेल्या सात हजारांत हिंजवडीत खोलीभाडं, मेस आणि बसपास बसवून दाखवा.

मग लोक मुदत 15 वर्षं करून मागतात. हप्ता साडेचौदा हजारांवर येतो आणि एकूण परतफेड 21 लाखांवरून 26 लाखांवर जाते.

मी उलटा हिशोब करतो. हप्ता हातातल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको. 25 हजारांचा तिसरा हिस्सा 8,300. त्यात बसणारं मूळ कर्ज साडेचार-पावणेपाच लाखांचं. त्यापुढची फी घरातून भरता येते का बघा, नाहीतर कमी फीचं कॉलेज बघा. पगार धरायचा तो मधोमध उभ्या असलेल्या मुलाचा. होर्डिंगवरच्या 40 लाखवाल्याचा धरलात तर सगळंच गणित चुकतं. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीला, पाठवलेली माहिती कॉलेजच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये असते. तिच्यात किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे दिलेलं असतं. आकडा सगळ्या शाखांचा मिळून असतो, तरी होर्डिंगपेक्षा खरा.

ऑफर लेटरला नोकरी समजणं

2021-22 मध्ये कंपन्यांनी खिरापतीसारखी ऑफर लेटरं वाटली. आमच्याकडे एक एसटी कंडक्टर पेढे घेऊन आले होते. मुलाला शेवटच्या वर्षाला असतानाच ऑफर. त्या कागदाच्या भरवशावर त्यांनी घराच्या स्लॅबसाठी वेगळं कर्जही काढलं. मुलगा पास झाला आणि जॉइनिंगची तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे. कंपनी ई-मेलला उत्तर द्यायची, 'तुमची ऑफर कायम आहे'. ऑफर कायम होती, पगार नव्हता. हप्ता मात्र ठरल्या तारखेला सुरू झाला.

तीन हप्ते थकेपर्यंत कोणी बँकेत फिरकलं नाही. लाज वाटत होती म्हणे. सहकर्जदार वडीलच, त्यामुळे कर्जफेडीची पत दाखवणारं सिबिल दोघांचंही पडलं. धाकटीच्या नर्सिंगच्या कर्जाचा अर्ज दुसऱ्या बँकेने परत पाठवला तेव्हा ते धावत आले. पहिला हप्ता चुकण्याआधी लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून मागितली असती तर निदान बोलणी करता आली असती. खातं थकल्यावर मॅनेजरचेही हात बांधलेले असतात.

म्हणून माझा हट्ट असतो की शिकतानाच व्याज भरत राहा. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिन्याला 2,100 रुपयेसुद्धा होत नाही, चौथ्या वर्षी 8,300 होतं. सगळं भरत गेलात तर हप्ता 17,800 ऐवजी 13,200 बसतो. असं व्याज भरणाऱ्याला अनेक बँका दरात एक टक्का सवलतही देतात. शिवाय सहा हप्त्यांएवढी एफडी बाजूला ठेवा, आणि मुलाच्या पहिल्या पगाराचा एसएमएस येईपर्यंत तिला हात लावू नका.

बाकीच्या, थोडक्यात

'कॉम्प्युटरच पाहिजे' म्हणून कॅप सोडून मॅनेजमेंट कोट्यात उडी मारणं. राजर्षी शाहू महाराज योजनेतली अर्धी शिकवणी फी कॅपमधून आलेल्यालाच मिळते. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना 2024-25 पासून मिळणारी पूर्ण माफीही तशीच. सरकारी कॉलेजात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) करून सॉफ्टवेअरमध्ये गेलेली मुलं मी ढिगाने पाहिली आहेत. पण धीर कोणाला आहे?

व्याज-अनुदानाची चौकशीच न करणं. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर पात्र कॉलेजसाठी शिकतानाचं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेची व्याजात तीन टक्के सवलत आहे, तीही यादीतल्या संस्थांच्या मुलांनाच. प्रवेश घेण्याआधी यादी बघा.

वायडी बसेल, म्हणजे नापास होऊन एक वर्ष वाया जाईल, हे गृहीतच न धरणं. पाचव्या वर्षाची फी आणि खोलीभाडं मंजूर कर्जात नसतं.

आणि 'टॅक्स वाचतो' म्हणून कर्ज वाढवून घेणं. व्याजाची ती आयकरातली वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. साडेतीन लाख पगाराला मुळात कर लागत नाही, तर वाचवणार काय? हे सांगणाऱ्या एजंटला त्याचं कमिशन किती, ते आधी विचारा.