समंधाचा हिशेब: कोकणातली विनोदी ऐतिहासिक भूतकथा कशी लिहावी

कोकणातली भूतकथा लिहायला बसणाऱ्याने आधी भुताचा प्रकार आणि त्याची अडचण ठरवावी; काळोख, वारा आणि घुबड नंतर आपसूक येतात. मुंज झाल्यावर सोडमुंजीआधीच गेलेला मुलगा मुंजा होतो, जमीनजुमल्यात किंवा पैशात जीव गुंतलेला माणूस समंध होतो, आणि वेतोबासारखा राखणदार हा तर भीतीपेक्षा भक्तीचाच विषय आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला वेतोबाला केळी आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे. तिची थट्टा करू नये. हसू माणसांच्या फजितीतून यावे.

कथेत इतिहास, रहस्य, विनोद आणि प्रेम असले तरी चार कथानके रचण्याच्या फंदात पडू नये. अडून राहिलेली एकच गोष्ट शोधावी आणि सगळे तिच्याभोवती बांधावे. समजा, आपण विजयदुर्गाचा परिसर निवडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे आरमार समुद्रातून आणि पेशव्यांचे सैन्य जमिनीवरून चालून आले, तुळाजी आंग्र्यांची जहाजे बंदरातच पेटली आणि किल्ला पडला. त्या धामधुमीत गोदीच्या एका कारकुनावर सागाच्या फळ्या खाल्ल्याचा आळ आला आणि हिशेब न जुळवताच तो मेला, असे आपण कल्पावे. सुमारे दीडशे वर्षांनी तो खोताच्या पडवीत प्रकट होतो, कोणाचा गळा धरत नाही, फक्त वही मागतो. त्याला दरबारी पत्रातले बोलायला लावावे. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असे म्हणून समंध हात जोडतो, तेव्हा किंचाळायला तोंड उघडलेल्या खोतालाही उलट नमस्कार करावा लागतो. गावकऱ्यांनी मात्र मालवणीतच बोलावे. ‘ह्या कारकुनाचो हिशेब एकदाचो जुळान येवंदे रे म्हाराजा’ असे गाऱ्हाणे गावकार घालतो, सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, आणि समंधही सवयीने त्यात सूर मिसळतो.

रहस्यासाठी समुद्राचा आधार घ्यावा, कारण किनाऱ्यावर खोटे बोलणारा बहुधा पाण्याच्या बाबतीत पकडला जातो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, हा ठोकताळा कोकणात जुना आहे. अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. म्हणून त्या मध्यरात्रीच्या सुमारास उधाणाची भरती असते आणि खाडी काठोकाठ भरलेली असते. भुतासाठी अमावास्येची मध्यरात्र निवडणारे अनेक लेखक त्याला याच खाडीतून कंदील घेऊन चालत नेतात आणि किनाऱ्यावरचा वाचक तिथेच पुस्तक मिटतो. आपण ही चूक साक्षीदाराच्या तोंडी घालावी. ‘समंध खाडीतून चिखल तुडवत गेला, पावलं मी मोजली,’ असे तो शपथेवर सांगतो. त्या वेळी तिथे चिखल दिसणेच शक्य नव्हते. जुन्या वहीतही अशीच एक नोंद ठेवावी: आषाढात गलबतातून साग उतरला. पावसाळ्यात गलबते शाकारून किनाऱ्यावर ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा पाण्यात जात. तेव्हा ही नोंद बनावट आहे आणि कारकून निर्दोष आहे, हे जाणत्या वाचकाला नायकाच्या आधी उमगले तर उत्तमच.

प्रेमाला त्या काळाच्या रीतीतच वाट काढू द्यावी. कथा १९०५ च्या आसपासची असेल तर नायक मोडी वाचणारा शाळामास्तर असावा. पावसाळ्यात मुंबईची आगबोट बंद म्हणून तो गावातच राहिला आहे. खोताची भाची परक्या पुरुषाशी बोलणार नाही, तो माजघरात येणार नाही. म्हणून समंधाच्या हट्टाखातर तो पडवीत बसून वही मोठ्याने वाचतो आणि दाराआडून ती बेरजा करते. तिचा पहिला शब्द ‘चुकलं’ असावा. पाटीवर पेन्सिल थांबल्याचा आवाज आला की त्याने मुद्दाम एक आकडा चुकीचा वाचावा. समंधाला ते कळते, पण हिशेबाच्या बाबतीत आयुष्यात प्रथमच तो गप्प राहतो. हा प्रसंग घाईने उरकू नये, बाकीची वर्णने खुशाल कापावीत.

शेवट करताना समंधाला मुक्ती देण्याची उतावीळ नको. हिशेब जुळला की तो जाणार आणि तो गेला की मास्तराला पडवीत बसायला निमित्त उरणार नाही, ही पंचाईत तिघांनाही कळलेली असते. म्हणून शेवटच्या रकान्याची बेरीज ती दोन दिवस लांबवते, आणि मास्तराने खोताकडे तिला मागणी घातल्याचे कानावर आल्यावरच एकूण आकडा सांगते.