हिवाळ्यात ट्रक काश्मीर-लडाखला नेताय? बर्फात घसरू नये म्हणून टायरवर चढवायची लोखंडी चेन गाडीत आहे का ते ड्रायव्हरनेच बघायचं

आपल्याकडून कांदा, द्राक्षं घेऊन गाड्या वर जातात, येताना सफरचंद भरून आणतात, आणि दरवर्षी कोणीतरी नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच त्या बाजूला जाणारा असतो, त्याच्यासाठी हे लिहितोय. मालक म्हणतो सगळं टाकलंय गाडीत, आपण हो म्हणतो आणि स्टार्टर मारतो. मीही तेच केलं होतं. श्रीनगरहून लडाखला जाताना सोनमर्गच्या पुढे, झोजिला घाटाच्या अलीकडे पोलिसांनी चेन दाखव म्हटलं, मी ऐटीत पोतं काढलं, टायरवर टाकून बघितली तर टोकं चार बोटं लांब, जुळेचनात. टायर १०.००-२० चे आणि चेन ९.००-२० ची! गाडी बाजूला लावायला लागली मलाच, मालक घरी गोधडीत.

बर्फ पडला की तिथलं प्रशासन झोजिलावर अँटी-स्किड चेनशिवाय गाडी सोडत नाही. घाट साधारण ३,५२८ मीटरवर आहे, दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वर थोडा उरतोच. तिथे गाडी आडवी झाली तर मागची सगळी लाईन अडकते, म्हणून चेन सोबत असणं ही फक्त आपल्या जिवाची गोष्ट नाही.

तर पहिलं काम घरच्या अंगणातच. टायरच्या बाजूला लिहिलेला नंबर वाचा, चेनच्या टॅगवरचा नंबर वाचा, आणि जुळले तरी एकदा प्रत्यक्ष चढवून बघा, ऊन असताना, चहा पिता पिता. इथे अर्धा तास लागला तर वर अंधारात बधिर बोटांनी किती लागेल ते समजून घ्या.

चढवायची अशी. गाडी सपाट जागी, रस्त्याच्या कडेला, हँडब्रेक लावून, पुढच्या चाकाला लाकडी ठोकळा, मागे रिफ्लेक्टरचा त्रिकोण. चेन जमिनीवर पसरून पीळ काढा. आडव्या कड्यांचे हुक असतात ना, त्यांची उघडी टोकं बाहेर आली पाहिजेत, टायरकडे गेली तर रबर कापतात. मग टायरवरून घाला, ठोकळा काढून गाडी अर्धा फेरा पुढे घ्या (क्लीनरला लांब उभं करून!), परत ठोकळा लावा, आधी आतल्या बाजूचं हुक आणि मग बाहेरचं लॉक, शेवटी चेन ताणून धरणारा रबरी टेन्शनर. लोक बाहेरचं आधी लावतात आणि मग आतलं हाताला येत नाही म्हणून शिव्या घालतात. अर्धा किलोमीटर हळू चालवून थांबा, चेन हमखास सैल झालेली असते, परत ताणा. सैल चेन फिरता फिरता ब्रेकचा पाईप तोडू शकते. आणि दहा चाकी असेल तर आधी बघा इंजिनाचा जोर कोणत्या एक्सलला जातो, बऱ्याच गाड्यांत मागच्या दोनपैकी एकालाच जातो, दुसऱ्यावर चेन घातली तर चढाला काही उपयोग नाही. स्पीड तीस-चाळीसच्या वर नको, आणि कोरडा डांबर लागला की काढायची.

बाकी सामान पटकन सांगतो. फावडं, एक पोतं रेती, टोचनचा दोर, टॉर्च, हातमोजे दोन जोड (एक ओला होणारच), रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नाही तर कूलंट, ब्लँकेट, आणि तीन दिवसांचं खाणं. श्रीनगरपर्यंतच जायचं असलं तरी हे हवंच. जम्मू-श्रीनगर रस्त्यावरचा बनिहालचा नवीन बोगदा २०२१ मध्ये सुरू झाला तरी त्याच रस्त्यावर रामबनच्या पट्ट्यात दरड आली की गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. जड गाड्या कोणत्या दिवशी कोणत्या बाजूने सोडणार हे ट्रॅफिक पोलीस आधी जाहीर करतात, ते बघून निघा. आणि हो, आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड घ्या, हे कोणी सांगत नाही.

रोज ब्रेकच्या हवेच्या टाकीत (एअर टँक) साठलेलं पाणी काढा, नाहीतर ते गोठून ब्रेकच अडकतो.

डिझेलचं मात्र नीट ऐका. खालचं साधं डिझेल लडाखच्या थंडीत घट्ट होऊन फिल्टरमध्ये बसतं. म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी विंटर डिझेल आणलं, ते उणे ३३ डिग्रीपर्यंत वाहतं. त्यामुळे खालून टाकी फुल्ल करून न्यायची हुशारी करू नका, पोचण्यापुरतं ठेवा आणि वर गेल्यावर ते भरा. टाकीखाली जाळ करणारे महाभाग मी बघितलेत, तसलं काही नको. आणि काचा बंद करून केबिनमध्ये शेगडी किंवा स्टोव्ह अजिबात नको, त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. एक काच दोन बोटं उघडी ठेवूनही शेगडी नकोच, दोन ब्लँकेट घ्या.

खाली उतरल्यावर चेन गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, जुन्या ऑइलचा हात फिरवा, तुटकी कडी दिसली तर तिथेच बदलून घ्या. पोत्यात भरताना हातमोजे सगळ्यात वर ठेवा, खाली गेले तर पुढच्या वेळी ते शोधायला आधी गार लोखंडात हात घालावा लागतो.