परसातलं अंजीर गोड का होत नाही? या चुका टाळा

झाड फळांनी लगडलेलं असतं, पण अंजीर तोंडात टाकलं की चव पाणचट किंवा तुरट लागते. अशा वेळी बहुतेक जण आधी खत घालतात आणि दुखणं वाढवतात. त्याआधी फळ फोडून नीट बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

देठातून पांढरा चीक वाहत असेल आणि गर चिवट असेल, तर फळ घाईने तोडलंय. माझ्या मते सगळ्यात जास्त फळं या एकाच चुकीने वाया जातात. अढी घालून पिकवायचं हे फळ नाही. तोडल्यावर थोडं मऊ पडेल, पण गोडी वाढणार नाही. पिकलेलं अंजीर मान टाकतं, बोटाला मऊ लागतं, सालीवर बारीक चिरा दिसतात आणि नुसतं उचललं तरी देठापासून सुटतं. नुसत्या रंगावर जाऊ नका, काही जाती पिकल्यावरही हिरव्याच राहतात.

घाईचं आणखी एक कारण आहे. अंजीर आधी भराभर वाढतं, मग कित्येक आठवडे आहे तेवढंच दिसतं आणि शेवटच्या काही दिवसांत एकदम फुगतं, गोड होतं. मधला थांबा हा रोग नाही. त्या काळात घाबरून खत-पाण्याचा मारा करू नका.

फळ तडकलं असेल तर पाण्याचा हिशेब तपासा. मुळं बरीचशी वरच्या थरात असतात. माती कोरडी ठाक पडली की झाड फळं गाळतं आणि त्यानंतर एकदम भरपूर पाणी मिळालं की उरलेली फुटतात. वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी स्थिती, टिकेल असं नेमाने पाणी द्या, आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर ठेवा, पण तो खोडाला टेकू देऊ नका. फळं पिकायला लागली की पाणी थोडं कमी करा.

आंबूस वास येतोय, फळाच्या तळाच्या डोळ्यातून, म्हणजे बारीक छिद्रातून, रस गळतोय? तिथून चिलटं आणि बारीक भुंगेरे आत शिरून आंबवणारे जंतू पसरवतात. अशी फळं, खाली पडलेलीसुद्धा, रोज उचलून दूर टाका. पिकलेलं फळ झाडावर राहू देऊ नका.

पानं मोठी, हिरवीगार आणि फळं पिकायचं नाव नाही, तर नत्र जास्त झालंय. युरिया बंद करा. दिवसाचं निदान सहा-आठ तास ऊन मिळतंय ना, हेही बघा. सावलीतल्या फळात साखर भरत नाही. गर्दी करणाऱ्या आतल्या फांद्या काढा, मात्र चिकाने कातडी चुरचुरते, हातमोजे घाला.

पानांच्या मागे तांबूस पूड म्हणजे तांबेरा. पानं अकाली गळली की फळं पोसली जात नाहीत. गळलेला पाला गोळा करून नष्ट करा आणि पाणी पानांवर न मारता बुंध्याशी द्या.

एवढं करूनही फळं दरवर्षी लहान असतानाच गळत असतील, तर जात तपासा. स्मर्ना प्रकारच्या अंजिराला विशिष्ट इवल्याशा गांधीलमाशीकडून परागीभवन लागतं. ती माशी नसेल तिथे ते झाड कधीच फळ धरणार नाही. परागीभवनाशिवाय फळणाऱ्या जातीचं कलम लावा.